नापास चिपचा संगणक

आजचे युग हे संगणकाचे युग आहे, हे वाक्य आपण प्रत्येक भाषणात ऐकतो. परंतु ज्या घरात अजून संगणकच नाही, त्या घरातील विद्यार्थ्याला या वाक्याचा उपयोग काय? आम्ही कला शाखेचे पदवीधर, नोकरी बँकेत कारकुनाची. संगणकासमोर रोज बसतो, पण त्याच्या पोटात काय आहे हे पाहण्याची वेळ आमच्यावर कधी आली नव्हती. ती आमच्या पुतण्यामुळे आली. पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला असलेला हा मुलगा शिष्यवृत्तीतून वाचवलेले पैसे घेऊन आमच्याकडे आला आणि म्हणाला, "काका, प्लेस्टेशनच्या चिपवर चालणारा संगणक मला घरी जोडायचा आहे. दोन मित्र आणि मी मिळून घेतोय. थोडे पैसे कमी पडतात."

पैसे देण्यापूर्वी चौकशी करायची, ही आमची वीस वर्षांची सवय. त्या चौकशीत जे समजले ते समाजातील इतर विद्यार्थ्यांनाही उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून हा लेख.

चिप नापास कशी होते?

प्लेस्टेशन ५ हे टी.व्ही.ला जोडून खेळ खेळण्याचे यंत्र सोनी कंपनीने नोव्हेंबर २०२० मध्ये बाजारात आणले. त्याची मुख्य चिप एएमडी या अमेरिकन कंपनीने आखली आणि तैवानच्या टीएसएमसी कंपनीने बनवली. अशा चिपा एकेक करून बनत नाहीत. सिलिकॉनच्या ३०० मिलिमीटर व्यासाच्या गोल चकतीवर त्या एकदम छापल्या जातात आणि मग कापून सुट्या केल्या जातात. पहिल्या प्लेस्टेशन ५ मधील चिपचा आकार सुमारे ३०० चौरस मिलिमीटर, म्हणजे टपाल तिकिटापेक्षाही लहान. एवढ्याशा जागेत अब्जावधी बारीक घटक असतात. धुळीच्या कणाएवढा दोष राहिला, तरी त्या जागेचा भाग निकामी होतो.

या चिपमध्ये दोन मुख्य विभाग आहेत. एक हिशेब करणारा, म्हणजे प्रोसेसर. त्यात आठ कोअर असतात. कोअर म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारा एक कारकून समजा. दुसरा विभाग पडद्यावरची चित्रे रंगवणारा, म्हणजे ग्राफिक्स. त्यात ४० गट छापलेले असतात, पण खेळाच्या यंत्रात ३६ च वापरतात. चार गट बिघडले तरी चिप वाया जाऊ नये, म्हणून ही सूट आधीच ठेवलेली असते. २००६ सालच्या प्लेस्टेशन ३ मध्येही हीच युक्ती होती. तिथे आठ मदतनीस प्रोसेसर छापून सातच वापरात घेतले होते.

पण या सुटीलाही मर्यादा आहे. खेळ लिहिणारा माणूस असे गृहीत धरतो की जगातले प्रत्येक यंत्र सारखेच आहे. म्हणून आठपैकी सात कोअर उत्तम चालणारी चिपही खेळाच्या यंत्रात बसवता येत नाही. आठ विषयांपैकी सात विषयांत चांगले गुण मिळवूनही एका विषयासाठी वर्ष जावे, तसाच हा प्रकार आहे. घरच्या संगणकाला मात्र अशी सक्ती नसते. त्याला सहा कोअर मिळाले तर तो सहावर काम करतो.

नापास चिपांचे पुढे काय झाले?

२०२१ मध्ये एएमडीने '४७००एस' नावाचा तयार बोर्ड काढला. ही चिप प्लेस्टेशनची आहे असे कंपनीने जाहीर केले नाही, परंतु जाणकारांनी रचना तपासून तसाच निष्कर्ष काढला. त्यात आठही कोअर चालू होते, पण ग्राफिक्सचा विभाग बंद होता. म्हणून वेगळे ग्राफिक्स कार्ड लावावे लागे.

दुसरा प्रकार म्हणजे अ‍ॅसरॉक कंपनीचा 'बीसी-२५०' बोर्ड. आमच्या पुतण्याच्या मनात भरला तो हाच. यात सहा कोअर आणि ग्राफिक्सचे २४ गट चालू आहेत. हा बोर्ड मुळात घरासाठी नव्हताच. असे बारा बोर्ड एका पेटीत बसवून त्यांच्याकडून क्रिप्टो चलनाचे 'खाणकाम' करून घेत. खाणकाम म्हणजे प्रचंड आकडेमोड करून त्याबदल्यात इथेरियमसारखे आभासी चलन मिळवणे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धतच बदलली आणि ग्राफिक्स चिपांवरचे ते खाणकाम एका दिवसात संपले. बोर्ड भंगाराच्या भावात विकायला निघाले आणि हौशी लोकांनी ते घेऊन त्यांचे संगणक करायला सुरुवात केली. म्हणजे ही चिप आधी खेळात नापास झाली, मग खाणीतून कमी झाली, आणि शेवटी विद्यार्थ्याच्या टेबलावर आली.

जोडताना काय लक्षात ठेवावे?

पहिली गोष्ट रॅमची. बोर्डावर १६ जीबी रॅम कायमची सोल्डर केलेली आहे. ती पुढे वाढवता येत नाही, आणि प्रोसेसर व ग्राफिक्स या दोघांना तीच वाटून घ्यावी लागते. ही रॅम जीडीडीआर६ जातीची, ग्राफिक्ससाठी बनवलेली आहे. प्लेस्टेशन ५ मध्ये अशा रॅमचा वेग सेकंदाला ४४८ जीबी आहे. साध्या संगणकातील डीडीआर४-३२०० रॅमच्या दोन पट्ट्या मिळून सेकंदाला सुमारे ५१ जीबी देतात. मग हा संगणक आठपट वेगवान झाला का? नाही. जीडीडीआर६ म्हणजे मालगाडी आहे. माल पुष्कळ आणते, पण सुटायला वेळ लावते. चित्रे रंगवायला एकदम पुष्कळ माल लागतो, तिथे ती उत्तम. हिशेबाच्या कामाला मात्र घडीघडीला एकेक पुडी लागते, तिथे सायकलवाला बरा. म्हणून अशा चिपा खेळात चमकतात आणि इतर कामांत त्याच कोअरच्या साध्या प्रोसेसरपेक्षा थोड्या मागे राहतात.

दुसरी गोष्ट उष्णतेची. बोर्डावर धातूचा मोठा हीटसिंक आहे, पण पंखा नाही, कारण मूळ पेटीत मोठे पंखे वारा देत असत. पूर्ण जोरावर हा बोर्ड दोनशे वॉटच्या पुढे जातो. घरी जोरदार पंखा आणि चांगल्या प्रतीचा एसएमपीएस लागतोच. या दोन वस्तूंत काटकसर करू नये. एसएमपीएस कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात विजेचा साठा राहतो.

तिसरी गोष्ट सॉफ्टवेअरची, आणि खरी मेख इथेच आहे. या बोर्डाच्या ग्राफिक्ससाठी विंडोजचा ड्रायव्हर नाही. लिनक्सवर मात्र स्वयंसेवकांनी खपून तो चालता केला, आणि २०२५ मध्ये 'मेसा' या मुक्त ग्राफिक्स प्रणालीच्या २५.१ आवृत्तीत या चिपला अधिकृत जागा मिळाली.

आमच्या घरी काय झाले?

आम्ही पैसे दिले. विक्रेत्याने 'संपूर्ण संगणक' म्हणून विकलेल्या खोक्यात नुसता बोर्ड निघाला. डिस्क, एसएमपीएस, पंखा, सारे वेगळे आणावे लागले. पहिले चार दिवस यंत्र दहा मिनिटांत तापून बंद पडे. वहिनी म्हणाल्या, "शिष्यवृत्तीचे पैसे पाण्यात गेले." पुतण्याने काही उत्तर दिले नाही. त्याने पुठ्ठ्याचा बोगदा करून पंख्याचा वारा नेमका हीटसिंकच्या पात्यांतून नेला आणि यंत्र स्थिर झाले. आज त्यावर तिघे मित्र आळीपाळीने प्रोग्रॅमिंग शिकतात, आणि रात्री खेळतातही, हे आम्हाला ठाऊक आहे.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच्या बहिणीला टॅली शिकायचे होते. टॅलीला विंडोज लागते. तिचे काम या यंत्रावर झाले नाही. तिच्यासाठी कार्यालयातून निघालेला एक जुना, साधा संगणक घ्यावा लागला, आणि तो पहिल्या दिवसापासून विनातक्रार चालला. म्हणून आमचे मत असे: ज्याला संगणक 'वापरायचा' आहे त्याने जुना कार्यालयीन संगणक घ्यावा. ज्याला संगणक 'समजून घ्यायचा' आहे, जवळ विचारायला जाणकार आहे आणि अडचण आली तर थांबायची तयारी आहे, त्यानेच नापास चिपच्या वाटेला जावे. घरात एकच संगणक होणार असेल तर तो हा नसावा.

घरातील जुने यंत्र

कोणी विचारील, बंद पडलेल्या प्लेस्टेशनमधून चिप काढून संगणकात लावता येईल का? नाही. ती सोल्डर केलेली असते आणि तिचे सॉफ्टवेअर कंपनीने कुलूपबंद केलेले असते. प्लेस्टेशन ३ वर पूर्वी लिनक्स चालवण्याची सोय होती. २०१० मध्ये अमेरिकन हवाई दलाच्या प्रयोगशाळेने सतराशेहून अधिक प्लेस्टेशन ३ जोडून महासंगणक उभा केला होता. त्याच वर्षी १ एप्रिलला सोनीने ती सोय काढून टाकली. मात्र प्लेस्टेशन ३ आणि ४ मधील हार्ड डिस्क ही लॅपटॉपमध्ये बसणारी साधी अडीच इंची साटा डिस्क असते. ती काढून, फॉरमॅट करून संगणकात बिनधास्त वापरता येते. प्लेस्टेशन ४ चा कंट्रोलरही यूएसबी वायरने संगणकाला जोडता येतो. म्हणून असे यंत्र भंगारात देण्यापूर्वी या वस्तू काढून ठेवाव्यात, आणि उरलेले यंत्र उकिरड्यावर न टाकता ई-कचरा गोळा करणाऱ्या नोंदणीकृत केंद्रात द्यावे.

या सगळ्या खटाटोपात आम्हाला एक गोष्ट पटली. त्या चिपमधील दोन कोअर खरोखरच बंद आहेत. ते कोणी चालू करून दिलेले नाहीत. फक्त उरलेल्या सहांना काय येते, हे कोणीतरी नीट तपासले आणि त्यांच्याजोगे काम शोधले. आपल्या अभ्यासिकेत दहावी-बारावीला एका विषयात अडकून घरी बसलेली मुले-मुली आहेत. त्यांच्याशी बोलताना आम्हाला हल्ली त्या बोर्डाची आठवण होते, आणि आम्ही आधी विचारतो, "बाकीच्या विषयांत किती मिळाले?"