खळे रिकामे आहे? मग टेनिस होऊ द्या!

शेतकरी बंधूंनो, ज्वारीची मळणी उरकली, शाळांना सुट्टी लागली. आता पोरं दिवसभर विहिरीवर, आणि जीव टांगणीला आईबापाचा. सुट्टीत गावातच टेनिसचे शिबिर भरवले तर?

‘तो साहेबलोकांचा खेळ’ म्हणू नका. १९५२ साली गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळवले. त्यानंतरचे देशाचे वैयक्तिक पदक आले ते १९९६ साली, टेनिसमध्ये, लिएंडर पेसचे.

जागेची अडचणही मोठी नाही. मोठ्यांचे मैदान २३.७७ मीटर लांब असते. पण आठ वर्षांपर्यंतच्या मुलांना ११ बाय साडेपाच मीटर आणि भोवती पळायला थोडी मोकळी जागा पुरते. जाळी ८० सेंटिमीटर उंच. त्यांचा लाल चेंडू मऊ, संथ आणि कमी उसळणारा. दहा वर्षांच्या आतील स्पर्धांत असे हळू चेंडू २०१२ पासून सक्तीचे आहेत. थोराड पोरांसाठी शाळेचे पटांगण मागा.

खळ्यातले खडे वेचा, पाणी शिंपडा, धुमसाने ठोका, फक्कीने रेघा आखा. शिकवायला जाणता माणूस हवा. तालुक्यातल्या क्रीडाशिक्षकांना गाठा.

उन्हाचे पथ्य मात्र पाळा. खेळ सकाळी नऊच्या आत, नाहीतर पाचनंतर. दुपारी सावलीत नियम समजावा. पाण्याचा माठ भरलेला हवा.

सरपंच मंडळी, ग्रामसभेत विषय घ्या. मुलींनाही धाडा. पदक येवो न येवो, पोर संध्याकाळी धडधाकट घरी येईल, हे काय थोडे झाले?