आधी नेम, मग बंदूक

कोकणात बंदूक ही नवलाची वस्तू नव्हे. ज्या घरापुढे भाताचे खाचर आहे, बाजूला नारळीपोफळीची बाग आहे आणि पाठीमागे रान आहे, त्या घरात एखादी ठासणीची किंवा काडतुशी बंदूक असणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. डुक्कर आणि वानर यांपासून पीक राखण्यासाठी मिळालेल्या परवान्यावर ती घरात येते आणि आजोबांमागे परवाना वारसाच्या नावे करून घेऊन घरातच राहते. अलीकडे मात्र ह्या जुन्या बंदुकीशेजारी एक नवी बंदूक येऊ पाहत आहे. ती पिकासाठी नाही, शिकारीसाठी नाही आणि चोराच्या भयानेही नाही. दहा मीटरांवर टांगलेल्या कागदावरील एका ठिपक्याचा भेद करावा, एवढ्याच हौसेने ती विकत घेतली जाते.

ह्या हौसेचे मूळ शोधावयास फार लांब जावे लागत नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन अवस्थांच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. खाशाबा जाधवांच्या १९५२ मधील हेलसिंकीच्या पदकानंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूस वैयक्तिक ऑलिंपिक पदक लाभले आणि तेही बंदुकीच्या नेमाने लाभले. त्यांच्या आधी अंजली भागवत, सुमा शिरूर, २०१० साली म्युनिकला जगज्जेत्या झालेल्या तेजस्विनी सावंत आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळविणाऱ्या राही सरनोबत यांनी हा मार्ग घालून दिलाच होता. हे सारे पाहिलेल्या जयगडच्या तरुणास, बंदरात किंवा तेथील औष्णिक वीज प्रकल्पात चार पैसे मिळू लागताच, आपणही एक एअर रायफल घ्यावी असे वाटले तर त्यात वावगे काय आहे?

वावगे काहीच नाही, असे आमचे मत आहे. किंबहुना रत्नागिरी जिल्ह्याचा ह्या खेळावर एक जुना हक्क आहे, आणि त्याचा विसर खुद्द जिल्ह्यासही पडलेला दिसतो. स्वतंत्र भारतात नेमबाजीचा खेळ संघटित करण्यासाठी १९५१ साली नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. तिचे संस्थापक अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे होत. लोकसभेचे पहिले सभापती म्हणून त्यांस सारा देश ओळखतो. परंतु आज देशभरातील हजारो होतकरू नेमबाजांच्या तोंडी 'मावळंकर' हा शब्द येतो तो सभापती म्हणून नव्हे, तर राष्ट्रीय स्पर्धेच्या अलीकडची पायरी असलेल्या मावळंकर नेमबाजी स्पर्धेचे नाव म्हणून. ह्या मावळंकरांचे घराणे मूळचे संगमेश्वर भागातील मावळंगे गावचे. संगमेश्वराहून वाहत येणारी शास्त्री नदी ज्या ठिकाणी समुद्रास मिळते, तेथेच जयगड उभा आहे. कायदेमंडळातील शिस्तीचा धडा ज्याने घालून दिला, त्या पुरुषास बंदुकीचा खेळ देशाच्या उपयोगाचा वाटला, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

तसे वाटण्यास कारण होते. १८१८ च्या जूनमध्ये जयगड लढाईवाचून इंग्रजांच्या हाती गेला. पुढे साठ वर्षांनी, म्हणजे १८७८ साली, लॉर्ड लिटनच्या राजवटीत शस्त्रांचा कायदा झाला आणि परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हा हिंदी माणसाचा अपराध ठरला. तोफा गंजत पडल्या ह्याचे दुःख मोठे नव्हे. पण सामान्य मनुष्यास शस्त्र हाती देण्याइतका तो विश्वासू नाही, हा त्या कायद्यातील गर्भितार्थ मानी लोकांस झोंबला. म्हणूनच १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्कही नमूद करण्यात आला. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा नवा कायदा झाला व १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अमलात आला. हक्क मात्र हक्क म्हणून मिळाला नाही. परवाना ही सरकारची मेहेरबानीच राहिली. जगाकडे पाहता त्याबद्दल आम्हांस फारसा खेद नाही. अमेरिकेत २०१७ सालच्या एका प्रतिष्ठित अंदाजानुसार नागरिकांपाशी ३९ कोटींहून अधिक बंदुका होत्या, म्हणजे माणसांहून बंदुका जास्त. आणि तेथील शाळांतून वेळोवेळी जे रक्त सांडते ते पाहून कोणत्याही शहाण्या समाजाने त्या वाटेस जाऊ नये.

परंतु येथेच एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. बंदूक बाळगणे निराळे आणि नेम धरावयास शिकणे निराळे. पहिल्यास पैसा आणि परवाना लागतो, दुसऱ्यास शिस्त लागते. आपल्या भाषेत 'नेम' ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक लक्ष्यावर रोखलेली दृष्टी आणि दुसरा रोज न चुकता पाळावयाचे व्रत. नेमबाजीच्या खेळात हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यपत्रावरील काळे वर्तुळ अवघे ३०.५ मिलिमीटरचे असते आणि त्यातील दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे टाचणीने पाडलेल्या खुणेएवढा. साडेपाच किलोपर्यंत वजनाची रायफल उभ्याने तोलून, श्वास अर्धा सोडून थांबवून, माशी आणि वर्तुळ एका रेषेत आणून, चाप असा दाबावयाचा की आपल्या बोटालाही त्याची चाहूल लागू नये. आणि हे एकदा नव्हे, तर सव्वा तासात साठ वेळा करावयाचे. रागावलेला, घाईत असलेला किंवा फुशारलेला मनुष्य हे करू शकत नाही. बंदूक हाती आली की मनुष्य उद्दाम होतो हा सर्वसाधारण अनुभव असला, तरी रेंजवरील बंदूक त्यास नम्र करते, कारण प्रत्येक छर्रा त्याच्या मनाची अस्थिरता कागदावर लिहून ठेवीत असतो. वर्गात चंचल मुलांना एकाग्रतेवर व्याख्याने देण्यात ज्यांची उमेदीची वर्षे गेली, त्या शिक्षकांस ह्या गोष्टीचे मोल निराळे सांगावयास नको.

म्हणूनच ज्यास नवी बंदूक घ्यावयाची आहे त्यास आमचे सांगणे असे, की बंदूक शेवटी घ्यावी. आधी एखाद्या रायफल क्लबाचे सभासद व्हावे, तेथल्या बंदुकीवर काही महिने हात बसवावा आणि मगच खिशात हात घालावा. कायद्याचा रोखही हाच आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंत व्यासाच्या व २० जूलपर्यंत ऊर्जेच्या हवाई बंदुकीस परवाना लागत नाही. पण लक्ष्यवेधासाठी खरी काडतुशी रायफल हवी असल्यास परवाना लागतो आणि त्यासाठी मान्यताप्राप्त क्लबाचे सभासदत्व ही मोठी आधाराची गोष्ट ठरते. सर्वसाधारण परवान्यास वय २१ वर्षे पूर्ण असावे लागते. बारा वर्षांवरील मुलामुलींस मात्र देखरेखीखाली लक्ष्यवेधाचा सराव करण्याची मोकळीक आहे. शस्त्र हाताळण्याच्या व सुरक्षित ठेवण्याच्या शिक्षणाची अटही ह्याच नियमांनी घातली. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली, सामान्य परवानाधारकास तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगण्याची मर्यादा घातली आणि लग्नाकार्यात आनंदाच्या भरात गोळ्या झाडणाऱ्यांसाठी दोन वर्षांपर्यंतची कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंतचा दंड ठेवला. ह्या तरतुदी जाचक वाटण्याचे कारण नाही. ज्याला खेळावयाचे आहे, त्याला त्या आड येत नाहीत.

आड येते ती आपली बेफिकिरी. परवाना लागत नाही म्हणजे ते खेळणे आहे, अशी समजूत सुशिक्षित घरांतही आढळते. गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाताना शहरातील वडील मुलासाठी एअरगन घेऊन जातात. आणि मग तिचे पहिले लक्ष्य कागद नसून आंब्यावरचा पोपट, विजेच्या तारेवरचा खंड्या किंवा शेजाऱ्याच्या कौलांवरचे माकड असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य पशुपक्ष्यांना संरक्षण दिलेले आहे, हे त्या वडिलांस ठाऊक नसते अशातला भाग नाही. 'लहान मुलाने एक पाखरू मारले तर काय बिघडले' ही वृत्ती त्याच्या मुळाशी आहे. शिशाचा तो इवलासा छर्रा भिंतीवरून उसळून माणसाचा डोळा घालवावयास पुरेसा असतो. माकडाच्या हाती कोलीत देऊ नये हे आपण म्हणीत म्हणतो आणि माकड मारण्यासाठी पोराच्या हाती नळी देतो!

ह्याहून गंभीर गोष्ट जुन्या बंदुकीची आहे. काळोखात झुडूप हालले, सावजच आहे असे समजून बार काढला आणि आपलाच सोबती कोसळला, अशा बातम्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडून वारंवार येतात. अशा मृत्यूंस आपण 'अपघात' म्हणतो. परंतु लक्ष्य डोळ्यांनी ओळखल्याखेरीज आणि त्याच्या पाठीमागे काय आहे हे पाहिल्याखेरीज चापावर बोट नेऊ नये, हा रेंजवरचा पहिल्या दिवसाचा धडा ज्यांस कोणी दिलाच नाही, त्यांच्या हातून जे घडते त्यास केवळ दैवयोग म्हणणे प्रामाणिकपणाचे नाही. ह्या माणसांपैकी कित्येकांनी जन्मभर बंदूक वापरली. पण ती शिकवावयास त्यांच्यापाशी कोणी आले नाही. सरकार बंदुकीचा परवाना देते, त्याचे नूतनीकरण करते, निवडणुका आल्या की शस्त्रे ठाण्यात जमा करण्याचे हुकूम काढते. शिक्षणाची अट कागदावर आली, तरी शिकण्याची जागा गावाच्या टप्प्यात कोठे आहे, ह्या प्रश्नाचे उत्तर अट घालण्याने मिळत नाही.

येथे आपल्या नामांकित नेमबाजांचा इतिहास मार्गदर्शक ठरावा. अंजली भागवत यांच्या हाती रायफल प्रथम आली ती कीर्ती महाविद्यालयात, एन. सी. सी.च्या छात्रा असताना. स्वप्नील कुसाळे घडले ते राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत. म्हणजे दोघांसही प्रथम जे मिळाले ते सार्वजनिक संस्थेचे छप्पर, शिक्षकाची नजर आणि उसनी बंदूक. स्वतःची बंदूक नंतर आली. हा खेळ श्रीमंतांचा आहे, असा जो आक्षेप घेतला जातो तो अर्धाच खरा आहे. स्पर्धेच्या दर्जाची परदेशी रायफल लाखांच्या घरात जाते आणि मध्यमवर्गीय आईबापांना त्यासाठी कर्ज काढावे लागते, हे खरेच. पण प्रत्येकाने ती विकत घ्यावी असे कोठे आहे? गावच्या वाचनालयातील पुस्तक जसे शंभर जण वाचतात, तशी एक रायफल शंभर मुलांस नेम शिकवू शकते.

सबब आमची सूचना साधी आहे. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या शाळेच्या सभागृहात दहा मीटरांची एक रेंज उभी करावी. त्यास डोंगर फोडावा लागत नाही. एकच दार असलेली लांबट खोली, छर्रे अडविणारी पक्की पेटी व भिंत, जमिनीपासून १.४ मीटर उंचीवर लक्ष्ये, चार-पाच जणांना उभे राहण्यापुरती जागा आणि एक शिकलेला, कडक शिक्षक एवढे असले म्हणजे पुरे. जयगडसारख्या ठिकाणी जे मोठे उद्योग आले आहेत, त्यांनी सामाजिक जबाबदारीच्या निधीतून हा खर्च उचलावा. त्यांच्या ताळेबंदात तो दिसणारही नाही. मात्र ह्या रेंजचे दार केवळ पदकेच्छू मुलांसाठी उघडू नये. पीकसंरक्षणाचा परवाना बाळगणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यास तेथे वर्षातून दोन दिवस बोलवावे, त्याची बंदूक तपासून द्यावी आणि नळी कोणाकडे रोखू नये, भरलेली बंदूक घरात ठेवू नये, काडतुसे निराळ्या कुलपात ठेवावी, ह्या गोष्टी त्यास त्याच्या बोलीत समजावून सांगाव्या. दंडाच्या धाकाने जे साधत नाही ते अशा दोन दिवसांत साधेल.

असे केल्याने बंदुकीची ओढ उगाच वाढेल, अशी भीती काही सज्जनांस वाटते. त्या भीतीचा आम्ही आदर करतो. पण ओढ आधीच आहे, ती कोणी निर्माण करावयास नको. चित्रपटांतून, टेलिव्हिजनवरून आणि हातातल्या मोबाइलवरून ती रोज घरात येते, आणि तेथील बंदुकीस परिणामच नसतो. गोळी सुटते, मनुष्य पडतो आणि खेळ पुढे सुरू होतो. रेंजवर मात्र मुलगा पहिल्या दिवशी शिकतो की बंदूक नेहमी भरलेलीच आहे असे मानून वागावे. त्यास खरी बंदूक कशी असते हे शिक्षकाने शिकवावे की पडद्याने, एवढाच निर्णय आपल्या हाती उरला आहे.

जयगडच्या तरुणाने हौसेने एअर रायफल घ्यावी. आम्ही त्यास शुभेच्छा देतो. पण ती घरी आणण्यापूर्वी त्याने शिक्षक गाठावा, आणि शिक्षक त्यास गाठता यावा एवढी व्यवस्था जिल्ह्याने करावी. मावळंकरांचे नाव स्पर्धेच्या चषकावर कोरणे सोपे आहे. त्यांच्या पूर्वजांच्या तालुक्यात एक रेंज बांधून दाखविणे अधिक शोभादायक होईल.