मंगळाच्या बरणीत ओला चमचा

नोव्हेंबर १९६९. अपोलो १२चे दोन अंतराळवीर चंद्रावर उतरले ते एका जुन्या यानापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. सर्व्हेयर ३ हे अमेरिकेचंच मानवरहित यान एप्रिल १९६७पासून तिथे उभं होतं. दोघांनी त्याचा कॅमेरा कापून काढला, पिशवीत घातला आणि पृथ्वीवर आणला. ह्यूस्टनच्या प्रयोगशाळेत त्याच्या आतल्या फोमचे तुकडे काढून ते पोषकद्रव्यात ठेवले, आणि एका नमुन्यात चक्क जिवाणू वाढले! नाव स्ट्रेप्टोकॉकस मायटिस. राहण्याचा पत्ता: माणसाचं तोंड आणि घसा.

म्हणजे काय? यान बांधताना कुणीतरी शिंकलं, आणि तो जिवाणू बिनहवेच्या चंद्रावर, भाजून काढणाऱ्या दिवसांत आणि गोठवणाऱ्या रात्रींत, ३१ महिने तग धरून राहिला? कितीतरी वर्षं ही गोष्ट अशीच सांगितली गेली. पुढे काही शास्त्रज्ञांनी त्या तपासणीचं जुनं चित्रीकरण पुन्हा पाहिलं. कॅमेरा हाताळणाऱ्यांच्या अंगात अर्ध्या बाह्यांचे कपडे होते आणि हात उघडे! मग जिवाणू चंद्रावरून आला, की ह्यूस्टनच्या टेबलावरच कॅमेऱ्यात शिरला? आज तराजू टेबलाकडेच झुकतो.

चंद्राच्या बाबतीत आपण हसून सोडून देऊ, कारण तिथे जीव नाहीत हे ठाऊक आहे. पण हाच घोळ मंगळावर झाला तर?

घरोघरी लोणच्याच्या बरणीचा एक कायदा असतो: ओला चमचा घालायचा नाही. एकदा घातला, की वर्षाच्या लोणच्याला बुरशी. मंगळ ही तशीच झाकलेली बरणी आहे. साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वी तिथे नद्या वाहत होत्या, तळी भरत होती. तेव्हा तिथे काही जिवंत होतं का? जमिनीखाली अजून असेल का? या बरणीत आपला ओला चमचा गेला, तर उद्या सापडलेला जीव मंगळाचा की यान जिथून उडालं त्या फ्लोरिडाचा, हे सांगायचं कुणी? आणि तिथे खरंच कुणी राहत असेल, तर आपल्या पाहुण्यांनी त्याचंच घर बळकावलं तर?

ही काळजी पहिल्यांदा कधी वाटली असेल? पहिला स्पुटनिक उडाल्यावर जेमतेम महिन्याभरात, आणि तिचा एक धागा थेट कोलकात्याला पोहोचतो. नोव्हेंबर १९५७मध्ये जोशुआ लेडरबर्ग हे तरुण अमेरिकी जीवशास्त्रज्ञ ज्येष्ठ शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांना भेटायला तिथे आले होते. त्या रात्री चंद्रग्रहण होतं आणि रशियन क्रांतीचा चाळिसावा वाढदिवसही. हाल्डेन म्हणाले, आज रशियाने चंद्रावर अणुस्फोट करून लाल तारा उमटवला तर? लेडरबर्ग हबकले. राजकारणाच्या दिखाव्यापायी एक अख्खं जग तपासायच्या आधीच खराब होऊ शकतं! वर्षभरात त्यांना नोबेल मिळालं, पण ही रुखरुख गेली नाही. त्यांनी शास्त्रज्ञांना पत्रं लिहिली, सभा गाजवल्या. १९५८मध्ये ‘कोस्पार’ ही आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. अवकाश मोहिमांच्या स्वच्छतेचे नियम आजही तीच ठरवते. १९६७च्या अंतराळ करारातल्या नवव्या कलमाने तर दुसरी जगं दूषित न करण्याची जबाबदारी देशांवरच टाकली. त्या करारात भारतही आहे.

आता खरी गंमत. यान स्वच्छ आहे, हे मोजायचं कसं? जिवाणू तर दिसत नाहीत!

युक्ती साधी आहे. ओलसर बोळ्याने यानाचा पृष्ठभाग पुसतात. बोळा पाण्यात हलवून त्यावरचं सगळं सुटं करतात आणि ते पाणी १५ मिनिटं ८० अंशांवर तापवतात. साधे जिवाणू इथेच मरतात. उरतात ते बीजाणू: संकट आलं की काही जिवाणू स्वतःभोवती जाड कवच करून झोपी जातात, ते चिवट महाभाग. मग हे पाणी पोषकद्रव्याच्या थाळीत ओतून तीन दिवस उबेत ठेवायचं. थाळीवर जितके ठिपके उगवतील, तितके बीजाणू होते असं समजायचं. मंगळावर उतरणाऱ्या यानाच्या उघड्या पृष्ठभागावर चौरस मीटरला सरासरी ३०० आणि एकूण ३ लाख, इतकेच बीजाणू चालतात.

तीन लाख म्हणजे पुष्कळ वाटतात ना? घरच्या दह्याच्या एका ग्रॅममध्ये कोट्यवधी जिवाणू असतात. अख्ख्या यानावर राहू द्यायचे बीजाणू दह्याच्या एका थेंबापुढे काहीच नाहीत!

१९७६मध्ये मंगळावर उतरलेली दोन्ही व्हायकिंग यानं जीवच शोधायला निघाली होती. त्यांना एवढी स्वच्छताही पुरेशी नव्हती. म्हणून ती एका कवचात बंद केली आणि सुमारे ११२ अंशांच्या कोरड्या उष्णतेत जवळजवळ ३० तास चक्क भाजली! त्यातल्या प्रत्येक तारेला, प्रत्येक सर्किटला ते सोसायचं होतं. अवकाशात जाण्याआधीची ही अग्निपरीक्षाच.

इतकं धुतलं, पुसलं, भाजलं, की सगळं निर्जीव होत असेल? इथे सृष्टीने काय केलं बघा. यान जोडण्याच्या खोल्यांमध्ये हवा गाळून येते, माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली असतात, फरशी रसायनांनी पुसली जाते. फ्लोरिडातल्या अशाच एका खोलीत २००७मध्ये एक जिवाणू सापडला. दोन वर्षांनी तो पुन्हा दिसला तो थेट दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानात, सुमारे ४,००० किलोमीटर दूर, आणि तिथेही यानाच्याच खोलीत! पुढे त्याला टर्सिकॉकस फीनिसिस हे नाव मिळालं. त्याची नोंद झाली तेव्हा पृथ्वीच्या पाठीवर या दोन खोल्यांखेरीज तो कुठेच ठाऊक नव्हता. शेतात तणनाशक मारलं, की उरतं ते सगळ्यात हट्टी तण. इथेही तेच. अशाच खोल्यांतले काही जिवाणू तर पुसायला वापरलेलं अल्कोहोलच खाऊन जगू शकतात. आपण साबण लावतोय आणि पाहुणा तोच चाटतोय!

आणि अवकाश त्यांना मारेल म्हणाल, तर जपानी शास्त्रज्ञांनी डायनोकॉकस जिवाणूंचे वाळवलेले गोळे अंतराळ स्थानकाच्या बाहेर ठेवले होते. तीन वर्षांनंतरही जाडसर गोळ्यांच्या आतले जिवाणू जिवंत होते. वरच्यांनी मरून आतल्यांवर पांघरूण घातलं होतं.

म्हणूनच काही यानांना आत्मबलिदान करावं लागलं. गुरूच्या युरोपा या चंद्रावर बर्फाखाली समुद्र आहे. इंधन संपत आलेलं गॅलिलिओ यान भरकटून त्यावर आदळू नये, म्हणून २००३मध्ये त्याला गुरूच्याच पोटात पाठवलं. २०१७मध्ये कॅसिनीवर तीच वेळ आली. १३ वर्षं शनीभोवती फिरून याच यानाने एन्सेलॅडस या चंद्रातून उसळणारी पाण्याची कारंजी दाखवली होती. त्या पाण्याला आपला स्पर्श होऊ नये, म्हणून ते ताशी लाखाहून अधिक किलोमीटर वेगाने शनीच्या वातावरणात शिरलं आणि उल्केसारखं जळून गेलं.

यंत्र भाजता येतं, जाळता येतं. पण माणूस?

माणसाच्या अंगावर आणि पोटात मिळून अंदाजे ३८ लाख कोटी जिवाणू असतात. त्याच्या स्वतःच्या पेशींहून जास्तच! प्रत्येक अंतराळवीर म्हणजे चालतंबोलतं विरजण. त्याला धुऊन ‘शुद्ध’ करता येत नाही, कारण त्या जिवाणूंशिवाय त्याची प्रकृती धड राहायची नाही. त्याच्या पोशाखातूनही थोडी हवा सतत झिरपतच असते.

उलट दिशेची भीतीही आहेच. अपोलो ११चे वीर परतले, तेव्हा चंद्रावरचा एखादा रोग बरोबर आला असेल म्हणून त्यांना जहाजावरच्या बंद गाडीत ठेवलं. राष्ट्राध्यक्ष निक्सन खिडकीच्या काचेबाहेरून त्यांच्याशी बोलले. चंद्राची धूळ उंदरांना टोचली, लाव्यांवर आणि झुरळांवर तपासली. पण त्याआधी त्यांच्या यानाच्या कुपीचं दार भर समुद्रात उघडलं होतं आणि आतली हवा केव्हाच प्रशांत महासागरावर पसरली होती. बैल गेला नि झोपा केला! नशिबाने चंद्रावर कुणी नव्हतंच.

मग मंगळावर माणूस न्यायचाच नाही? उपायांमधला एक तर आपल्या ओळखीचा आहे: चपला बाहेर काढा! ‘सूटपोर्ट’ या कल्पनेत पोशाख मंगळावर फिरायच्या गाडीच्या बाहेरच टांगलेला असतो. त्याच्या पाठीला दार असतं आणि ते गाडीच्या भिंतीला घट्ट चिकटतं. अंतराळवीर आतून मागच्या मागे पोशाखात शिरतो आणि परतल्यावर तसाच आत येतो. मंगळाची धूळ बाहेर, माणसाची हवा आत.

दुसरा उपाय सह्याद्रीतल्या गावांना ठाऊक आहे. देवराईतली वाळकी काटकीही उचलायची नाही, असा दंडक असतो. मंगळावर जिथे थोडं पाणी आणि थोडी ऊब मिळून आपले जिवाणू वाढू शकतील, त्या जागांना कोस्पारने ‘विशेष प्रदेश’ ठरवलं आहे. माणसाने वस्ती दूर करावी आणि तिथे भाजून काढलेला यंत्रमानव पाठवावा, अशी कल्पना आहे. बाकीच्या पृष्ठभागाची राखण मंगळ स्वतःच बरीचशी करतो. तिथे ओझोनचं छत्र नाही, मातीत परक्लोरेट नावाचे क्षार आहेत. अतिनील किरण आणि हे क्षार एकत्र आले, की जिवाणू मिनिटांत मरतात. पण धुळीचा पातळसा थर किरणांना अडवतो, आणि भीती आहे ती त्या थराखाली पोहोचणाऱ्यांचीच.

तिसरा उपाय म्हणजे पाहुण्यांची यादी. यानांवर आणि त्यांच्या खोल्यांत सापडलेले जिवाणू अमेरिकेत जपून ठेवले जातात. पुढे कधी मंगळाच्या मातीतून थाळीवर एक ठिपका उगवलाच, तर त्याची ओळख आधी या यादीशी ताडून बघतील. आणि त्याच्याही आधी कुणीतरी गुपचूप नजर टाकेल: आपल्या बाह्या मनगटापर्यंत आहेत ना?