तलावाकाठची वही

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. पक्षी बघण्यात तुमचं काय काम?" त्याचं उत्तर आज देऊ या. आमच्याकडे एक जुनी वही आहे, तिच्यापासून सुरुवात करतो.

चंद्रपूरजवळचा जुनोन्याचा तलाव आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेला असेल. आम्ही काही शिक्षक, बँकेतले एक-दोघे, एक औषधदुकानदार अशी हौशी मंडळी थंडीत रविवारी पहाटे तिथे जात असू. सगळ्यांची मिळून एक वही होती. ज्याला जे दिसेल ते त्याने लिहायचं, एवढाच नियम. परवा प्राणिशास्त्र शिकणाऱ्या एका मुलीने ती वही मागून नेली. दोन दिवसांनी परत आणून दिली आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "सर, यात गिधाडं कुठेच नाहीत. तेव्हा नव्हती का?"

नव्हती कशी? होती की! मेलेली जनावरं टाकायच्या जागेवर दाटीवाटीने बसलेली असायची. इतकी होती, की ती लिहावी असं कुणाला वाटलंच नाही. मग वहीत आहे तरी काय? हिवाळी पाहुणे आहेत, तेही "बदके भरपूर" अशा शब्दांत. भरपूर म्हणजे वीस की दोनशे, देव जाणे. कावळा नाही, चिमणी नाही, साळुंकी नाही. कितीतरी पानांवर दिवस-महिना आहे आणि साल नाही. सर्वांत सुवाच्य अक्षरात काय लिहिलंय, तर वाघाच्या पावलांचे ठसे. पक्ष्यांच्या वहीत! (हशा)

ही हसण्यासारखी गोष्ट आहे, पण पुढचं ऐका. १९९० च्या दशकात भारतातली गिधाडं मरत गेली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९.९ टक्क्यांनी घटली. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक त्याला कारण आहे, हे २००३-०४ च्या सुमारास सिद्ध झालं आणि २००६ साली जनावरांसाठीच्या त्या औषधावर आपल्याकडे बंदी आली. पण मुळात गिधाडं कमी झाली हे कळलं कसं? भरतपूरला विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात, म्हणजे गिधाडं मुबलक असताना, ती मोजून ठेवली होती. दहा वर्षांनी पुन्हा मोजली तेव्हा फरक दिसला. आमच्या वहीवरून तो कधीच दिसला नसता. आज गडचिरोलीत वनविभागाला गिधाडांसाठी उपाहारगृहं चालवावी लागतात, आणि पूर्वी इथे ती किती होती याचा लेखी पुरावा आमच्यासारख्यांनी ठेवला नाही. तिथे रोज जाणारे आम्हीच होतो.

आता आमच्या शास्त्राचं थोडं बोलू. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून घट नाही असं ज्ञान होतं. पण अट आहे. घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, तर त्यावरून काही ठरत नाही. याला योग्य अनुपलब्धी म्हणतात. वर्गात आम्ही हे तीस वर्षं घटावर शिकवलं. त्या मुलीच्या प्रश्नाने ते खऱ्या अर्थाने कळलं. वहीत गिधाड नाही यावरून गिधाड नव्हतं असं म्हणता येत नाही, कारण आम्ही सगळं लिहितच नव्हतो. आमची वही म्हणजे अंधारी खोली.

जगभरचे पक्षिनिरीक्षक २००२ साली सुरू झालेल्या 'ईबर्ड' नावाच्या सामाईक नोंदवहीत लिहितात. ती वही नोंद करणाऱ्याला एक साधा प्रश्न विचारते : तुम्हाला दिसलेले आणि ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत का? शिवाय किती वेळ पाहिलं, किती चाललात, हेही विचारते. 'हो' म्हटलं की त्या यादीत जे नाही, त्यालाही अर्थ येतो. मीमांसकांना हा प्रश्न फार आवडला असता! भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ चा अहवाल अशाच नोंदींवर उभा आहे. तीस हजारांहून अधिक निरीक्षक, तीन कोटींच्या वर नोंदी, ९४२ जातींचा आढावा. दसऱ्याला आपण ज्याचं दर्शन शुभ मानतो तो नीलपंख कमी होत चालला आहे, हे त्यातूनच पुढे आलं. कुणीतरी रोजच्या रस्त्यावरच्या तारेवर बसलेला नीलपंख कंटाळा न करता लिहिला, म्हणून.

पण लिहिणं हा कामाचा एक भाग झाला. जपायचं कुणी आणि तपासायचं कुणी?

अ‍ॅलन ह्यूम आपल्याला काँग्रेसच्या स्थापनेमुळे माहीत. हा माणूस त्याआधी हिंदुस्थानातल्या पक्षिशास्त्राचा केंद्रबिंदू होता. त्याने देशभरच्या हौशी मंडळींना लिहितं केलं आणि १८७२ पासून 'स्ट्रे फेदर्स' हे नियतकालिक चालवलं. मात्र मोठ्या ग्रंथासाठी जमवलेली हस्तलिखितं सिमल्याच्या घरी, एकाच ठिकाणी ठेवली. १८८४-८५ च्या हिवाळ्यात तो खाली मैदानात असताना नोकराने ती बाजारात रद्दी म्हणून विकली. ह्यूम खचला आणि आपला संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन मोकळा झाला. नियतकालिकात छापून गेलं ते मात्र आजही वाचता येतं, कारण ते अनेकांच्या घरी पोचलं होतं. (आमच्या वहीचीही परवापर्यंत एकच प्रत होती, हे इथे कबूल करून टाकतो.)

तपासण्याचं महत्त्व समजायला रानपिंगळ्यासारखं उदाहरण नाही. या छोट्या घुबडाचं नामकरण ह्यूमनेच १८७३ साली केलं. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना कुणाला मिळाला नाही. अपवाद एक. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज अधिकाऱ्याचा दावा होता, की गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला आपल्याला तो १९१४ साली मिळाला. लोकांनी तो खरा धरला. पुढे पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतले नमुने बारकाईने तपासले. तेव्हा निघालं, की जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात खानदेशात गोळा केलेला पक्षी या गृहस्थाने चोरून, नवी चिठ्ठी लावून आपला म्हणून दाखवला होता. मग खोटी नोंद बाजूला ठेवून जुन्या, प्रामाणिक चिठ्ठ्यांवरच्या जागांचा शोध सुरू झाला. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. ११३ वर्षांनी! डेव्हिडसनने चिठ्ठीवर गावाचं नाव नीट लिहिलं नसतं तर?

तेव्हा कुणी तुमच्या नोंदीवर "खात्री आहे का?" असं विचारलं, तर रागावू नका. आम्ही रागावलो आहोत, एकदा नव्हे, अनेकदा. एकाने तर त्या रागापायी तलावावर येणंच सोडलं, आणि आमचा सर्वांत तीक्ष्ण डोळा गेला. तपासणाऱ्यानेही शब्द जपून वापरायला हवेत. हे फुकटचं आणि कौतुक नसलेलं काम आहे, म्हणून ते एकाच्याच गळ्यात कायमचं पडतं आणि तो थकला की वही बंद होते. आपल्याकडचे माजी मालगुजारी तलाव आठवा. पाणी सगळ्यांना हवं, पाळ कुणी दुरुस्त करायची, गाळ कुणी काढायचा हे ठरलं नाही, की तलाव उथळ होतो.

आणखी एक गोष्ट, जरा अवघड. भामरागडकडे आम्ही गेलो होतो तेव्हा सोबत एक माडिया गृहस्थ होते. आम्ही दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत ते नुसत्या आवाजावरून पक्षी सांगत. घरी येऊन यादी लिहिली, तिच्यावर नावं आमची. त्यांचं नाव कुठेही नाही. आता न्यायशास्त्रात शब्द हे प्रमाण आहे आणि ज्याचा शब्द प्रमाण मानायचा तो आप्त. वात्स्यायन स्पष्ट सांगतो, की आप्ताचं लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे. पाहिलेलं असावं आणि ते जसंच्या तसं सांगण्याची इच्छा असावी, एवढं पुरे. हे आम्ही शिकवलं, परीक्षेत विचारलं आणि यादी लिहिताना विसरलो.

पुढच्या खेपेला त्यांना नाव घालण्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, "नाव टाका जी, पण घरट्याची जागा टाकू नका. मग लोक येतेत." त्यांचं बरोबर होतं. ईबर्डसुद्धा काही नाजूक जातींची नेमकी ठिकाणं झाकून ठेवतं. सामाईक वहीत काय लिहायचं नाही, हे ठरवतानाही ज्याचं रान आहे त्याला बसवून घ्यावं लागतं, हे आम्हाला सत्तरीत समजलं.

सध्या नव्या वहीला तीन रकाने केले आहेत : पाहणारा, लिहिणारा, तपासणारा. एका दिवशी एकाच माणसाने तिन्ही कामं करायची नाहीत. दर दोन महिन्यांनी लिहिणारा बदलतो. चांदवा म्हणा की वारकरी म्हणा, कंसात शास्त्रीय नाव घालायचं, म्हणजे एकच पक्षी दोनदा मोजला जात नाही. प्रत दोन घरी राहते. लिहिण्याची पहिली पाळी त्या मुलीचीच होती. पहिल्या पानावर सालासकट तारीख आहे, खाली कावळे २३, साळुंक्या ११, अडई ६४, आणि गिधाडांसमोर शून्य. तपासणाऱ्याच्या रकान्यात आमची सही आहे. अडई आम्ही ६० मोजल्या होत्या, त्यावर वाद अजून मिटलेला नाही.

आता प्रश्न घेऊ या.