भाल्याकडून बेसबॉलकडे

वाराणसी परिसरातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोघे लखनौच्या क्रीडा महाविद्यालयातले भालाफेकपटू. बेसबॉलशी त्यांचा संबंध नव्हता. २००८ साली ‘मिलियन डॉलर आर्म’ ही बेसबॉलच्या वेगवान चेंडूफेकीची स्पर्धा भारतभर झाली. मुंबईतल्या अंतिम फेरीत डावखुऱ्या रिंकूने ताशी ८७ मैल, म्हणजे सुमारे १४० किलोमीटर वेगाने चेंडू फेकला आणि एक लाख डॉलर खिशात घातले. क्रिकेटवेड्या देशात भालेवाल्यांनी बाजी मारली! यात नवल नाही म्हणा. कोपराच्या ज्या झटक्याला क्रिकेटमध्ये नो-बॉल देतात, त्याचा भालाफेकीप्रमाणे बेसबॉलच्या फेकीतही मोठा वाटा असतो. त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकी बेसबॉल संघाने दोघांशी करार केला. दिनेश तेव्हा १९ वर्षांचा. तो २०१० मध्ये संघाबाहेर पडला; रिंकू पुढे ‘वीर महान’ नावाने डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्तीत उतरला.