घारापुरीला एक दिवस, नांगरलेल्या बोटींच्या सोबतीने

शिडाच्या होडीतून बेटाबेटांवर फिरायचे, मनाला येईल तिथे नांगर टाकायचा आणि दिवसभर पाण्यावर निवांत पडायचे, हा पैसेवाल्यांचा शौक, असे आपण धरून चाललो आहोत. होडी आपल्या आवाक्यात नाही हे खरे, पण निवांत दिवस का नसावा? व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे असताना, 1945 साली, कारखान्यातील कामगारांना पगारी रजा देणारी दुरुस्ती कायद्यात झाली. ती रजा लग्नकार्यात आणि आजारपणातच संपवायची, असे कुठे लिहिले आहे?

नवी मुंबईच्या आपल्या कुटुंबांना बेट लांब नाही. घारापुरी उरण तालुक्यातच येते. लोकलने मुंबई गाठावी, गेटवेहून लाँचने तासाभरात बेट. सोमवारी लेणी बंद असतात एवढे ध्यानात ठेवावे. भाकरी-चटणीचा डबा आणि पाणी घरूनच घ्यावे.

उतरल्यावर लगेच पायऱ्यांकडे धावू नका. घटकाभर धक्क्यावर बसा आणि नांगरलेल्या बोटी मुलांना दाखवा. माणसे उतरवून रिकाम्या झालेल्या लाँच थोड्या आत जाऊन थांबतात. नांगराचा दोर पाण्याच्या खोलीच्या कितीतरी पट लांब सोडावा लागतो, तेव्हाच नांगर चिखलात आडवा ओढला जाऊन रुततो. वारा फार नसेल तर बोट प्रवाहाकडे तोंड करून राहते. ओहोटीला पाणी खाडीतून समुद्राकडे वाहते, म्हणून बोटींची तोंडे खाडीकडे, आपल्या नवी मुंबईच्या बाजूला. भरती लागली की सगळ्या बोटी हळूहळू फिरतात आणि समुद्राकडे तोंड करतात. साधारण सहा तासांनी हा पालट होतो. पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा ओहोटीला चिखल दूरवर उघडा पडतो. वैशाखी पौर्णिमेच्या सुट्टीत गेलात तर हेही बघायला मिळेल.

मोठे शैव लेणे सगळेच बघतात. ते बघावेच, शिल्प थोर आहे. पण बहुतेक प्रवासी तिथूनच माघारी फिरतात आणि आपलेही लोक त्यांच्यामागे फिरतात, याचे वाईट वाटते. बेटावर दुसरी, पूर्वेकडची टेकडी आहे. तिथे विटांचा स्तूप आहे, बौद्ध लेणी आहेत. 1987 साली घारापुरीचा जागतिक वारशात समावेश झाला, त्या नोंदीतही बौद्ध लेण्यांचा उल्लेख आहे. वाट सोपी नाही. गावातला माहितगार माणूस सोबत घ्यावा, म्हाताऱ्यांनी हट्ट करू नये. स्तूपाच्या विटेला हात लावू नका, त्यावर चढून फोटो काढू नका.

स्तूप इथेच का? बेटाच्या मोराबंदर भागात रोमन रांजणांची खापरे सापडली आहेत. त्या काळी इथे परदेशी माल येत होता. शिडाची गलबते वाऱ्याची आणि भरतीची वाट बघत नांगरून पडत. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असे धर्मशास्त्र सांगत होते. आपले उपासक मात्र व्यापाराला निघत. सोपाऱ्याच्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याच्या सागरी प्रवासाची आणि पुढे तो भिक्खू झाल्याची कथा बौद्ध वाङ्मयात आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात त्या कथेतले शिडाचे जहाज रंगवलेले आहे. कान्हेरीला सोपारा, कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने कोरलेली आहेत.

आज याच पाण्यात न्हावा-शेव्याच्या बंदराची जहाजे ये-जा करतात. आपल्यातले कितीतरी जण त्या बंदरावर राबतात. वडील जो कंटेनर रात्रपाळीला हलवतात तो कुठून येतो, हे मुलांना इथे सांगता येईल.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. 18 डिसेंबर 2024 रोजी घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ लाँचवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि 15 जणांचा जीव गेला. लाँचमध्ये चढताच लाइफ जॅकेट मागा, लहानग्यांना त्यांच्या मापाचे मागा. गर्दी दिसली तर पुढच्या लाँचने जा. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असताना बेत आखूच नका. परतीची शेवटची लाँच किती वाजता सुटते, ते उतरतानाच खलाशाला विचारून ठेवा.