दोन हार्ड डिस्क आहेत म्हणजे बॅकअप आहे का? घरातल्या ‘नॅस’ची काळजी कशी घ्यायची

पारनेर तालुक्यातली कितीतरी घरं दोन ठिकाणी नांदतात. आई-वडील गावात, मुलं मुंबईत नाहीतर पुण्यात. लग्नाचे व्हिडिओ, आजोबांचा एकुलता एक फोटो, जुन्या खरेदीखतांचे स्कॅन कुणाच्या तरी मोबाईलमध्ये पडून असतात. १ जून २०२१ पासून गुगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण बंद झाली आणि १५ जीबीची मर्यादा आली. मग ‘जागा संपत आली’ हा मेसेज सगळ्यांच्याच ओळखीचा झाला.

त्यावरचा एक उपाय म्हणजे ‘नॅस’, अर्थात नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज. वायफाय राउटरला जोडलेली छोटी पेटी, आत बहुतेक वेळा दोन हार्ड डिस्क. घरातले मोबाईल तिच्यावर आपोआप फोटो उतरवतात. पेटी आली की काम झालं, असं वाटतं. खरं काम तिथून पुढे असतं.

दोन डिस्क असल्या की एकीवर लिहिलेलं दुसरीवर त्याच वेळी लिहिलं जातं. याला ‘रेड १’ म्हणतात. एक डिस्क बंद पडली तरी फोटो वाचतात. पण फोल्डर चुकून डिलीट झालं, तर तेही दोन्हीकडून एकदमच जातं. शिवाय दोन्ही डिस्क एकाच पेटीत, एकाच प्लगवर. म्हणून ही सोय आहे, बॅकअप नाही.

दिवा लागतोय, पण अपडेट?

जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ या घरगुती स्टोरेजवर इंटरनेटवरून हल्ला झाला. जगभरातल्या अनेकांच्या पेट्या रिसेट होऊन वर्षानुवर्षांचा डेटा पुसला गेला. त्या पेट्यांना शेवटचा अपडेट २०१५ मध्ये मिळाला होता. त्या व्यवस्थित चालत होत्या, म्हणून लोकांनी वापरणं चालू ठेवलं. पुढे जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ने क्यूनॅपच्या पेट्यांमधल्या फाइल्स कुलूपबंद करून बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली.

त्यामुळे अपडेट आला की लगेच टाका. कंपनीने अपडेट देणं थांबवलं असेल तर पेटीचं इंटरनेट तोडा आणि नवीन पेटीचा विचार करा. घराबाहेरून फोटो बघण्यासाठी राउटरवर थेट वाट उघडून ठेवू नका.

वीज आणि धूळ

वळवाच्या पावसात वीज दहा वेळा जाते-येते. डिस्कवर लिहिणं चालू असताना वीज गेली तर फाइल्स खराब होऊ शकतात. घरच्या इन्व्हर्टरवर भिस्त ठेवू नका. तो चालू व्हायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात पेटी बंद पडू शकते. यूएसबी केबलने पेटीला जोडता येणारा छोटा यूपीएस घ्या, म्हणजे बॅटरी संपायच्या आधी पेटी स्वतःहून नीट बंद होते. पंख्याची जाळी अधूनमधून साफ करा. बंद कपाटात तर पेटी ठेवूच नका.

डिस्क बदलताना

सेटिंगमध्ये डिस्कचं ‘स्मार्ट’ आरोग्य महिन्यातून एकदा बघा. ‘रीॲलोकेटेड सेक्टर’चा आकडा वाढत असेल तर डिस्क थकली. जागा वाढवायची असेल तर आधी एक डिस्क काढून मोठी बसवा, सगळा डेटा तिच्यावर उतरू द्या, मग दुसरी बदला. ४ टीबी डेटा उतरायला आठ-दहा तास सहज लागतात. तेवढा वेळ सगळा भार एकाच जुन्या डिस्कवर असतो. ती नेमकी तेव्हाच बसली तर सगळं गेलं! म्हणून आधी वेगळ्या डिस्कवर पूर्ण कॉपी घ्या. नवीन डिस्क ‘सीएमआर’ प्रकारची आहे ना, हे दुकानात विचारा. ‘एसएमआर’ डिस्कवर हेच काम फार रेंगाळतं.

ही वेगळी कॉपी घरात ठेवू नका. दोन ठिकाणी नांदणाऱ्या घरांना हे सोपं जातं. पासवर्ड लावलेली डिस्क बाजरी-वाटाण्याच्या पिशवीबरोबर मुंबईला पाठवा आणि पुढच्या सणाला परत आणून ताजी करा. तिच्यातले दहा जुने फोटो दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून बघा. उघडले, तरच तो बॅकअप.

आणि पेटीचा पासवर्ड फक्त मुंबईतल्या मुलालाच माहीत असेल, तर तो घरातल्या जमिनीच्या कागदांबरोबर लिहून ठेवा.